हुक्क्यासाठी मातीची चिलीम कशी निवडावी आणि कशी वापरावी

हुक्का नीट लागला नाही की नवखा माणूस आधी फ्लेवरला दोष देतो, मग कोळशाला, मग पाइपला. चिलमीकडे, म्हणजे ज्याला सगळे बाउल म्हणतात त्या वरच्या मातीच्या वाटीकडे, त्याचं लक्ष सगळ्यात शेवटी जातं. वास्तविक निम्म्याहून अधिक तक्रारींचं मूळ तिथेच असतं. घसा खवखवणं, दहाव्या मिनिटाला चव जाणं, धूर विरळ येणं, ओढताना दम लागणं, या सगळ्याचा संबंध चिलमीचा आकार, तिची माती आणि ती कशी भरली याच्याशी आहे.

चिलमीचं काम एकच. कोळशाची धग तंबाखूपर्यंत अशा बेताने पोहोचवायची की त्यातलं ग्लिसरीन, पाक आणि सुगंध तापून वर यावेत, पण पान करपू नये. पुढची प्रत्येक सूचना या एका गोष्टीभोवती फिरते. हे डोक्यात पक्कं बसलं, की नियम पाठ करायची गरज उरत नाही.

सुरुवातीलाच एक गोष्ट. हा लेख सज्ञान लोकांसाठी आहे, आणि हुक्का निरुपद्रवी आहे असं मी अजिबात म्हणत नाही. पाण्यातून येतो म्हणून धूर गाळला जातो, ही समजूत चुकीची आहे. पाणी धूर थंड करतं, त्यातलं विष काढून घेत नाही. निकोटिनची सवय लागते आणि कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड थेट फुप्फुसात जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये आणि सुधारित स्वरूपात २०१५ मध्ये हुक्क्यावर स्वतंत्र सल्लापत्रं काढली, ती याच कारणांसाठी. गरोदर स्त्रिया, हृदयाचे किंवा दम्याचे रुग्ण आणि लहान मुलं यांच्या आसपास हुक्का पेटवूच नये. आणि तुम्ही आजवर ओढत नसाल, तर केवळ हा लेख वाचला म्हणून सुरू करू नका.

## लागणारं सामान

- मातीची चिलीम आणि तिला बसणारं रबर (ग्रोमेट)
- जाड फॉइल (चिलमीच्या तोंडावर ताणायला) किंवा एचएमडी (कोळसे ठेवायची धातूची डबी)
- टूथपिक, बारीक सुई किंवा फॉइल टोचणी
- छोटा काटा-चमचा, तंबाखू मोकळी करायला
- ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा खिशातला काटा (पहिल्या काही वेळांपुरता)
- नारळाच्या करवंटीचा कोळसा
- कॉइलची इलेक्ट्रिक शेगडी आणि लांब चिमटा
- राखेसाठी धातूचं ताट
- बाटली धुतात तसला बारीक ब्रश
- कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म

शेवटची वस्तू बहुतेक याद्यांत सापडणार नाही. माझ्या यादीत ती चिलमीइतकीच महत्त्वाची आहे. कारण आठव्या पायरीत येईल.

## १. आधी स्टेमचं तोंड बघा, मग चिलीम

चिलीम आवडली, घेतली आणि घरी आल्यावर स्टेमवर, म्हणजे हुक्क्याच्या उभ्या नळीवर, बसेनाच, हा सर्रास होणारा घोटाळा आहे. चिलीम बसायच्या पद्धती दोन. पहिलीत चिलमीच्या बुडाला रुंद भोक असतं आणि ती स्टेमच्या तोंडावर टोपीसारखी बसते. मधे रबर असतं. दुसरीत चिलमीचा निमुळता पाय स्टेमच्या वाटीत आत उतरतो. तुमचा स्टेम कोणत्या पद्धतीचा आहे ते आधी बघा आणि तोंडाचा व्यास मोजून ठेवा. फोटो बघून मागवणार असाल तर बुडाचं माप विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. काठाचं माप सगळे लिहितात, बुडाचं लिहायचं बरेच जण विसरतात.

रबर थोडं सैल किंवा थोडं जाड असेल तर बदलता येतं, ते स्वस्त असतं. पण चिलमीचं भोकच अरुंद असेल तर इलाज नाही. माती कानशीने घासून भोक मोठं करायच्या फंदात पडू नका, तडा जातो.

बसवल्यावर हवा निसटते का ते असं तपासा: तंबाखू न भरता, चिलमीच्या तोंडावर तळहात घट्ट दाबा आणि पाइपमधून ओढा. काहीच आलं नाही तर जोड पक्का. हवा आलीच तर चिलीम काढून थेट स्टेमच्या तोंडावर हात ठेवा आणि पुन्हा ओढा. आता बंद झाली तर दोष रबराचा किंवा चिलमीचा. तरीही येत असेल तर गळती खाली, बेसच्या (पाण्याच्या भांड्याच्या) किंवा पाइपच्या जोडात आहे.

## २. भोकं कुठे आहेत, यावर सगळं ठरतं

मातीच्या चिलमींचे ढोबळमानाने तीन प्रकार.

जुना, पारंपरिक प्रकार म्हणजे तळाला चार-सहा भोकं असलेली खोलगट वाटी. तिला इजिप्शियन म्हणतात. हवा वरून येते, तंबाखूच्या थरातून खाली उतरते आणि भोकांतून स्टेममध्ये जाते. साधी आणि भरायला सोपी. पण तंबाखू ओली असेल तर तापल्यावर सगळा पाक त्याच भोकांतून स्टेममध्ये ओघळतो. वर चव कमी पडते आणि खाली स्टेम चिकट होतो.

दुसरा प्रकार फनेल. मधोमध एक सुळका, त्याच्या टोकाला एकच मोठं भोक आणि भोवती गोल खंदक. तंबाखू खंदकात राहते, पाकही तिथेच राहतो, धूर सुळक्यातून खाली जातो. आजचे बहुतेक फ्लेवर पाकाने निथळणारे असतात, त्यांना हाच प्रकार मानवतो.

तिसरा व्होर्टेक्स. यात सुळक्याचं डोकं बंद आणि भोकं बाजूला, वरच्या कडेला असतात. कल्पना चांगली आहे, कारण वरून काही पडलं तरी सरळ आत जात नाही. प्रत्यक्षात बाजूची बारीक भोकं पानांच्या तुकड्यांनी बुजतात आणि साफ करताना जीव मेटाकुटीला येतो. पहिली चिलीम म्हणून मी कुणाला सुचवणार नाही.

माझं मत विचाराल तर पहिली चिलीम मध्यम आकाराची फनेल घ्या, १५ ते १८ ग्रॅम तंबाखू मावेल अशी. २५-३० ग्रॅमची मोठी चिलीम चार जणांत ठीक असते. एकट्या-दुकट्याला ती भरून अर्धी तंबाखू फेकून द्यावी लागते. १० ग्रॅमची इवलीशी चिलीम दिसायला काटकसरी, पण तिच्यात धगीचा अंदाज जरा चुकला की लगेच करपतं. नवशिक्याला मध्यम आकार चुका पोटात घालणारा.

खोलीकडेही बघा. खंदक खूप खोल असेल तर वरचा थर शिजतो आणि तळाचा तसाच ओला राहतो. साधारण दोन-अडीच सेंटिमीटर खोली पुरे. उथळ आणि रुंद हे खोल आणि अरुंदपेक्षा केव्हाही चांगलं.

## ३. माती, भाजणी आणि ग्लेझ

मातीच का, हा रास्त प्रश्न आहे. सिलिकॉनची चिलीम पडली तरी फुटत नाही. धातूची तर वर्षानुवर्षं टिकते. पण अॅल्युमिनियम मातीच्या शेकडो पट जास्त उष्णता वाहून नेतं, त्यामुळे कडेची तंबाखू भिंतीला लागून करपते. माती सावकाश तापते आणि सावकाश निवते. कोळसा मधेच थोडा मंदावला तरी चिलमीत साठलेली धग तंबाखूला सांभाळून घेते. हीच तिची जमेची बाजू.

लाल माती, म्हणजे टेराकोटा, साधारण ९०० ते १,१०० अंश सेल्सिअसला भाजलेली असते आणि सच्छिद्र राहते. भाजणी १,२०० अंशांच्या पुढे नेली की योग्य माती काचेसारखी घट्ट जमते. तिला स्टोनवेअर म्हणतात. ती जड असते, पाणी जवळजवळ पीत नाही आणि आदळआपट जास्त सोसते.

हातातली चिलीम कोणती हे कळायला ग्लेझ (मातीवर भाजून चढवलेला काचेसारखा थर) नसलेल्या भागावर, बहुधा बुडाशी, पाण्याचा एक थेंब सोडा. थेंब क्षणात पसरून गडद डाग पडला तर माती सच्छिद्र. थेंब मण्यासारखा बसून राहिला तर घट्ट.

आतून ग्लेझ असावं की नसावं, यावर लोक तावातावाने भांडतात. बिनग्लेझची सच्छिद्र चिलीम पाक पिते, हळूहळू मुरते आणि तिच्यात जुन्या फ्लेवरचा वास राहतो. रोज एकाच जातीची तंबाखू ओढणाऱ्याला ते आवडतं. आज पुदिना, उद्या द्राक्ष, परवा आणखी काही, असं करणाऱ्याला मात्र प्रत्येक फ्लेवरमागे पुदिना लागत राहतो. नवख्याने आतून ग्लेझ केलेली घ्यावी. धुवायला सोपी असते आणि काय चुकतंय हे ओळखताना जुन्या वासांची भेसळ होत नाही.

ग्लेझच्या बाबतीत एक खबरदारी. काही जुन्या आणि सजावटीच्या भांड्यांच्या ग्लेझमध्ये शिसं असतं. शोभेसाठी बनवलेल्या वस्तूची चिलीम करू नका, आणि विक्रेत्याला ग्लेझ खाण्याच्या भांड्यांना चालणारं, बिनशिशाचं आहे का हे स्पष्ट विचारा. आतून रंगवलेली चिलीम, म्हणजे ग्लेझ नव्हे, नुसता वरून मारलेला रंग, मुळीच घेऊ नये. बाहेरून रंगवलेली असली तरी काठापर्यंत रंग आला असेल तर तो तापून वास मारतो.

## ४. हातात घेऊन तपासणं

मडकं घेताना वाजवून बघतात तशी चिलीम बोटाच्या नखाने टिचकी मारून वाजवा. स्वच्छ, लांबणारा आवाज आला तर ठीक. भद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे, मग तो दिसो वा न दिसो. मऊ लाल मातीचा नाद स्टोनवेअरइतका खणखणीत नसतो, म्हणून एकाच जातीच्या दोन-तीन चिलमी शेजारी ठेवून ताडून बघावं.

मग ती काचेवर किंवा गुळगुळीत फरशीवर पालथी घाला आणि बोटाने हलवा. डुगडुगली तर काठ सपाट नाही. फॉइल वापरणार असाल तर थोडंफार चालून जाईल, एचएमडी मात्र वाकडी बसेल आणि फटीतून गार हवा आत जाईल.

फनेल असेल तर काठावर टूथपिक आडवी ठेवून सुळक्याचं टोक बघा. ते काठापेक्षा दोन-चार मिलिमीटर खाली हवं. काठाच्या बरोबरीला आलं तर फॉइल त्याला टेकतं आणि भोक बंद होतं. फार खाली असेल तर तंबाखू आत सांडते. सुळक्यातून पलीकडचा उजेड गोल आणि स्वच्छ दिसला पाहिजे. बऱ्याचदा आत मातीचा किंवा ग्लेझचा थेंब सुकून अडकलेला असतो.

## ५. पहिल्या वापराआधी

नवी चिलीम कोमट पाण्यात अर्धा तास बुडवा, ब्रशने आतली मातीची धूळ काढा, पुन्हा धुवा आणि किमान एक दिवस वाळू द्या. बिनग्लेझची असेल तर दोन दिवस. साबण लावू नका. सच्छिद्र माती साबण पिते आणि पहिल्या वेळी तोच वर येतो.

ओली चिलीम तापवणं ही तिला फोडायची खात्रीची युक्ती आहे. छिद्रांत अडकलेल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि तडा जातो. वरून कोरडी दिसली तरी आत ओल असते. घाई असेल तर त्या दिवशी हुक्का नको.

पहिल्या एक-दोन वेळा मातीचा हलका वास येतो. तो जातो. तिसऱ्या-चौथ्या वेळीही आला तर भाजणी कच्ची आहे असं समजा.

## ६. तंबाखू भरणं

सगळ्यात जास्त वेळ द्यायची पायरी हीच, आणि नेमकी इथेच लोक घाई करतात.

डबा उघडला की आधी तंबाखू तळापासून ढवळा. पाक खाली बसलेला असतो. न ढवळता वरची घेतली तर कोरडी येते आणि डब्याच्या तळाची निथळते. मग हवी तेवढी तंबाखू बशीत काढा. काट्याने मोकळी करा. लाकडासारखी जाड देठं वेचून टाका, ती जळकट चव देतात आणि भोकात आडवी बसतात. पानं लांब असतील तर कात्रीने एक-दोनदा कापा, पण लगदा करू नका. बोटांनी करणार असाल तर नंतर हात धुवा, निकोटिन कातडीतूनही शोषलं जातं.

आता भरणं. पाकात भिजलेली, फिकट रंगाची, धुतलेल्या पानाची तंबाखू, म्हणजे बाजारातले बहुतेक गोड फ्लेवर, हलक्या हाताने भुरभुरत भरायची. चिमटीत घ्यायची आणि वरून सोडायची. दाबायची नाही. थरांत हवेला वाट राहिली पाहिजे. काठाच्या खाली दोन-तीन मिलिमीटर आली की थांबायचं. फॉइलला चिकटलेली तंबाखू पहिल्या पाच मिनिटांत करपते आणि ती चव शेवटपर्यंत पिच्छा सोडत नाही.

गडद रंगाची, न धुतलेल्या पानाची तंबाखू वेगळी वागते. तिच्यात निकोटिन जास्त असतं. ती जरा दाटसर भरतात, काठाच्या बरोबरीने किंवा फॉइलला जेमतेम टेकेल अशी, आणि धग कमी ठेवतात. दोन्ही जातींना एकच पद्धत लावली की फिकट तंबाखू करपते किंवा गडद तंबाखू जागीच होत नाही. नवख्याने गडद तंबाखूपासून चार हात लांब राहावं. तिने भोवळ आणि ओकारी येऊ शकते, आणि हे मी घाबरवायला म्हणत नाही.

फनेलमध्ये भरताना सुळक्याच्या तोंडावर बोट ठेवा म्हणजे तुकडे आत पडणार नाहीत. भरून झाल्यावर काठ ओल्या कपड्याने पुसा. काठावर राहिलेला पाक जळून कोळशासारखा घट्ट चिकटतो. इजिप्शियन चिलमीत टूथपिक तळापर्यंत नेऊन प्रत्येक भोक मोकळं आहे ना ते बघा.

बरोबर उंचीला भरलं का, याची सोपी परीक्षा आहे. फॉइल लावण्याआधी तिचा एक तुकडा काठावर ताणून ठेवा, हलकेच दाबा आणि उचला. खालच्या बाजूला पाकाचे ठिपके उमटले तर तंबाखू टेकते आहे, थोडी काढा. पहिल्या काही वेळा वजन करून लिहून ठेवलं तर तुमच्या चिलमीचा आकडा सापडतो. मग काटा कपाटात गेला तरी चालेल.

## ७. फॉइल की एचएमडी

मी आधी फॉइल शिका म्हणतो. धग कमी-जास्त झाली की काय होतं हे फॉइलवर लगेच कळतं. एचएमडी चुका झाकते, त्यामुळे शिकणं लांबतं.

हुक्क्याची जाड फॉइल ४० मायक्रॉनच्या आसपास असते, तिचा एक थर पुरतो. स्वयंपाकघरातली पातळ फॉइल असेल तर दोन थर. चकचकीत बाजू वर की खाली, याने काही फरक पडत नाही. ती ढोलकीच्या चामड्यासारखी ताणून बसवा. सैल राहिली तर कोळशाच्या वजनाने खाली दबते आणि तंबाखूला टेकते.

भोकं बारीक सुईने पाडा, काठापासून साधारण अर्धा सेंटिमीटर आत पहिलं वर्तुळ, त्याच्या आत दुसरं, मग तिसरं. फनेलमध्ये सुळक्याच्या वरची जागा कोरी सोडा. तिथे भोक पाडलं तर गरम हवा तंबाखूला न भेटता थेट खाली जाते आणि राखही सोबत नेते. इजिप्शियन चिलमीत मध्यभागीही भोकं चालतात. मोठी भोकं नकोत. भोकं जास्त आणि मोठी, तर धग जास्त. हे उलट करता येत नाही, म्हणून कमीपासून सुरुवात करा आणि लागली तर वाढवा.

एचएमडी म्हणजे कोळसे ठेवायची झाकणवाली धातूची डबी. राख खाली पडत नाही, धग समान पसरते आणि झाकणाने कमी-जास्त करता येते. घेण्याआधी तुमच्या चिलमीच्या काठाचा व्यास तिच्या खाचेशी जुळतो का ते बघा. फॉइलशिवाय थेट ठेवणार असाल तर तंबाखू धातूला अजिबात टेकता कामा नये, म्हणून भरताना आणखी एखादा मिलिमीटर खाली राहा.

## ८. कोळसा

नारळाच्या करवंटीचे चौकोनी तुकडे घ्या. २५ किंवा २६ मिलिमीटरचे सर्वात जास्त चालतात, लहान चिलमीला २२ चे बरे. काडी लावताच पेटणारे गोल कोळसे टाळा. त्यांच्यात पेट घेण्यासाठी रसायनं मिसळलेली असतात, त्यांचा वास आणि चव दोन्ही उतरतात.

कॉइलच्या शेगडीवर तुकडे ठेवा, चार-पाच मिनिटांनी उलटा, आणखी चार-पाच मिनिटं ठेवा. सगळ्या बाजू लालबुंद झाल्या आणि काळा ठिपका कुठेही उरला नाही, की कोळसा तयार. चिमट्याने उचलून सगळ्या बाजूंनी बघा, कारण काळेपणा नेमका खालच्या कोपऱ्यात लपलेला असतो. अर्धवट पेटलेला कोळसा हे डोकेदुखीचं एक कारण आहे. काचेच्या सपाट शेगडीवर कोळसे ठेवू नका, आणि गॅसवर जाळीशिवाय नको, राख बर्नरमध्ये जाते.

आता अलार्मचं. कोळसा पेटल्या क्षणापासून कार्बन मोनॉक्साइड सोडतो, कुणी ओढत असो वा नसो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, म्हणजे तेवढं रक्त प्राणवायू वाहायच्या कामातून बाद. बंद खोलीत, गाडीत किंवा एसी लावून दारं-खिडक्या मिटलेल्या हॉलमध्ये हुक्का पेटवू नका. शक्यतो उघड्यावर बसा. आत बसायचंच तर समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या हव्यात. डोकं गरगरलं की काही जण खुशीत किक लागली म्हणतात. ती किक पुष्कळदा कार्बन मोनॉक्साइडची असते. डोकं दुखणं, मळमळ, पायांत त्राण नसणं, यातलं काहीही वाटलं तर पाइप खाली, माणूस मोकळ्या हवेत आणि कोळसे बाहेर. कुणी शुद्ध हरपत असेल किंवा बरळत असेल तर वाट न पाहता रुग्णवाहिका बोलवा.

किती कोळसे ठेवायचे? १५-१८ ग्रॅमच्या फनेलवर फॉइल असेल तर २५ मिलिमीटरचे तीन तुकडे ठेवून सुरुवात, मग गरजेप्रमाणे दोन. ठेवायचे कडेला, थोडेसे काठावर टेकलेले. मध्यभागी कोळसे रचणं हा नवख्यांचा आवडता उद्योग आहे. त्याने मधली तंबाखू जळते आणि कडेची कोरी राहते. हुक्क्याखाली धातूचं ताट हवंच. गालिच्यावर पडलेला कोळसा उचलेपर्यंत भोक पाडून मोकळा होतो.

## ९. पहिली पंधरा मिनिटं

कोळसे ठेवले की लगेच ओढू नका. तीन ते पाच मिनिटं चिलमीला तापू द्या. स्टेमचं टोक पाण्यात दोन-तीन सेंटिमीटर बुडालेलं असावं. जास्त पाणी असेल तर ओढायला जड जातं आणि दोष विनाकारण चिलमीवर येतो.

सुरुवातीचे झुरके लहान आणि संथ. जोरात ओढलं की कोळसा फुलतो, धग एकदम वाढते आणि कडा करपतात. मग लक्षणं वाचायची:

धूर विरळ, चव पुसट: धग कमी आहे. कोळसे थोडे आत सरकवा किंवा एक वाढवा, आणि पाच मिनिटं थांबा. लोक इथे धीर सोडून दोन कोळसे एकदम ठेवतात आणि सगळं करपवतात.

घशाला धरतं, धूर तिखट: धग जास्त. एक कोळसा उचला, पाइपमधून हलकेच फुंकून आतला धूर बाहेर काढा आणि दोन-तीन मिनिटं काहीही करू नका. माती सावकाश निवते, तिला वेळ लागतो.

ओढायला जड: सुळका किंवा भोकं बुजली आहेत, तंबाखू दाबून भरली आहे, किंवा फॉइलला भोकं कमी आहेत. आधी फॉइलची भोकं वाढवून बघा, तेच सोपं.

जळका, कडू वास: पान करपलं. आता ही चिलीम सुधारत नाही. ओतून टाका.

दर दहा-पंधरा मिनिटांनी कोळसे फिरवा, राख झटका. पाऊण तास ते तासाभरात चव उतरते. उतरली की थांबायचं. चव गेल्यावर नवे कोळसे चढवून ओढत राहण्यात फक्त जळकं पान आणि कोळशाचा धूर पदरात पडतो.

संपल्यावर चिलीम लगेच ओतू नका. निवली की फॉइल उचलून आत बघा, कारण पुढच्या वेळी काय बदलायचं ते तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. वरचा थर गडद तपकिरी, खालचा जरा फिकट पण सुकत आलेला, असं दिसलं तर छान जमलं. वर काळा पापुद्रा आणि खाली तंबाखू जशीच्या तशी ओली आणि चकचकीत असेल तर खूप घट्ट भरली होती किंवा धग अचानक वाढली होती. कडेला काळं कडं आणि मधे कोरी तंबाखू असेल तर कोळसे आत सरकवायला विसरलात. एकाच बाजूला करपलं असेल तर कोळसे फिरवले नाहीत, किंवा काठ सपाट नाही. फॉइलच्या खालच्या बाजूला काळे डाग चिकटले असतील तर तंबाखू टेकत होती.

## १०. धुणं आणि निगा

तापलेल्या चिलमीवर गार पाणी ओतायचं नाही. बाहेरची माती एकदम आकसते, आतली अजून फुगलेली असते, आणि दोघींच्या ओढाताणीत तडा जातो. हाताला पूर्ण गार लागल्यावरच धुवा. कोमट पाणी आणि ब्रश पुरतात. सुळक्यात बारीक ब्रश दोन्ही बाजूंनी फिरवा.

काळं चिकटून बसलं असेल तर चिलीम गार पाण्याच्या पातेल्यात ठेवा आणि पातेलं मंद आचेवर चढवा, म्हणजे पाणी आणि माती बरोबरीने तापतील. दहा-पंधरा मिनिटं उकळल्यावर पाणी आणि चिलीम एकत्रच निवू द्या. ग्लेझवाल्या चिलमीच्या पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा टाकला तर काम सोपं होतं. हे पातेलं परत स्वयंपाकाला वापरू नका. तारेच्या घासणीने ग्लेझ ओरबाडला जातो आणि पुढच्या वेळी पाक तिथेच जास्त चिकटतो.

धुतल्यावर पुन्हा एक दिवस वाळवणं आलंच. म्हणून नेहमी ओढणाऱ्याकडे दोन चिलमी असाव्यात. पुदिना किंवा तशा उग्र फ्लेवरसाठी एक वेगळी ठेवली तर आणखी बरं.

चिलीम स्टेमवरून काढताना सरळ वर ओढू नका. रबर ओलं करा, चिलीम बुडाशी धरा आणि हलके पिळत काढा. बुडाचे तडे बहुतेक इथेच पडतात, पडून नव्हे. तडा दिसला की चिलीम टाकून द्या. डिंक किंवा एपॉक्सी लावून ती पुन्हा वापरू नका. तापल्यावर त्याची वाफ तुमच्याच छातीत जाणार. ग्लेझवर आलेल्या केसासारख्या बारीक जाळीदार रेषा मात्र तडे नव्हेत. बाहेरच्या बाजूला असतील तर चिंता नाही. आत असतील आणि त्यांत काळं भरू लागलं असेल, तर उकळूनही निघत नाही, तेव्हा नवी बघायला लागा.